तंबोऱ्याला हार घातला, तार कोण लावणार?

आत्ताच घरी आले. चहासुद्धा ठेवला नाही, आधी हे लिहून काढते. नाहीतर आज झोप लागायची नाही.

आज १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. त्यानिमित्त आपल्या मिरजेत कार्यक्रम होता. मी हौसेनं वेळेआधी जाऊन दुसऱ्या रांगेत बसले. व्यासपीठाच्या दोन्ही टोकांना एकेक तंबोरा उभा केलेला, दांडीला झेंडूचे हार. लांबून बघून इतकं बरं वाटलं! मग चष्मा लावून नीट पाहिलं. एकाला तीनच तारा. दुसऱ्याच्या चारही होत्या, पण सैल, तबलीवर लोळत होत्या. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी जागेवर नव्हती. लग्नाच्या हॉलमध्ये प्लास्टिकचे केळीचे खांब उभे करतात ना, तसे शोभेला आणून ठेवलेले.

मिरजेत! अहो, मिरजेत असं व्हावं?

ज्या गावचे तंबोरे देशभरातल्या गवयांच्या मागे वाजतात, त्या गावाच्या वारशाच्या कार्यक्रमात दोन तासांत एकदाही षड्ज ऐकू आला नाही. दीपप्रज्वलनाला सनई वाजली तीही पेन ड्राइव्हवरची.

आणि मला सारखी ती दुपार आठवत होती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आईचा तंबोरा, काळी चार या स्वरपट्टीचा, पावसाळी हवेनं बोलेनासा झाला होता. आई गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. तंबोरा मुका झाला की आमच्या घरात सुतक पडल्यासारखं व्हायचं. जुन्या लुगड्याच्या गोधडीत गुंडाळून, टांग्यात मांडीवर आडवा धरून आम्ही तो सतारमेकर गल्लीत नेला. दुकान कसलं, ओटाच. लाखेचा वास, लाकडाचा भुसा, वर आढ्याला टांगलेले भोपळे. तिथल्या कारागीर चाचांनी एक तार छेडली आणि आईला म्हणाले, "वहिनी, जवारी गेलीय." म्हणजे तार घोडीवर अशी टेकायला हवी की सूर घुमत राहील, ते बिघडलं होतं. मग घोडी कानशीनं घासायची, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, परत उतरवायची. दुपार सरत आली. शेवटी त्यांनी तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एकदम तो आवाज उघडला. अख्खा ओटा भरून गेला. आईच्या डोळ्यांत पाणी. चाचा मला म्हणाले, "बाळ, भोपळ्याला कान लाव. आवाज थांबला की सांग." मी लगेच म्हटलं, थांबला. ते म्हणाले, "नाही. परत ऐक." असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी काही बोललेच नाही, कारण तो थांबतच नव्हता.

हे मला कुठल्याही शाळेनं शिकवलं नाही. ते त्या ओट्यानं शिकवलं.

प्रमुख पाहुणे बाहेरगावचे होते. बोलले चांगलं, नाही म्हणत नाही. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये गेले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांना दफन केलं. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुसकर इथं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला. सगळं खरं. पण ही मंडळी ज्या सुराच्या आधारानं गायली, तो सूर लाकडात आणि भोपळ्यात बसवणाऱ्यांच्या वाट्याला अख्ख्या भाषणात किती? एक वाक्य. "मिरजेत वाद्येही तयार होतात." वाद्येही! तो 'ही' अजून टोचतोय मला.

ही वाद्यं घडवणारी मंडळी मूळची शिकलगार. तलवारी, भाले पाजळणारी. राजवट बदलली, हत्यारांचं काम संपत आलं. पटवर्धनांच्या संस्थानात गवई यायचे, पण त्यांची वाद्यं दुरुस्त करायला इथं कुणी नव्हतं. १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी ते काम अंगावर घेतलं आणि पुढं वाद्यं घडवायलाच लागले. पोलादावर बसलेला हात लाकडावर बसवला! पिढ्यान्‌पिढ्या मग गल्लीच्या गल्ली त्यात उतरली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा तो कडू भोपळा, खायच्या काही कामाचा नाही, तो वाळवायचा, कापायचा, भिजवून आकाराला आणायचा. लाकूड तुणीचं. आणि हे सगळं झाल्यावर जवारी, जी कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही, कानानंच काढावी लागते. ही गोष्ट आज व्यासपीठावरून सांगायची नाही तर कधी सांगायची? आणि सांगायला बाहेरचा माणूस कशाला, सांगणारे तिथंच मागच्या रांगेत बसले होते! गल्लीतले तिघं. त्यांना कुणी पुढं या म्हणालं नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीसुद्धा. आनंदाचीच गोष्ट होती ती. पण पुढं?

चाचा आता नाहीत. त्यांचा पुतण्या त्याच ओट्यावर बसतो. आईचा तंबोरा आता माझ्याकडे आहे, रोज वाजतो, आणि पावसाळा संपला की मी तो त्याच्याकडेच नेते. गेल्या खेपेला तो म्हणाला, "ताई, पोराला आयटीआयला घातलं." मी काय बोलणार? त्याला दोष कसा द्यायचा? मोबाइलवरचा तानपुरा प्रवासात मीही लावते, आणि शिकणाऱ्या पोरांना खरं वाद्य परवडत नाही, हे कबूल. पण त्या मोबाइलला कान लावून कुणी कुणाला "परत ऐक" म्हणत नाही हो.

आयोजकांनी पदरमोड केली असेल. मांडव, खुर्च्या, माइक फुकट येत नाहीत, आणि काहीच न करणाऱ्यांपेक्षा ते बरे. झालं, म्हटलं. पण आपल्याला साजरं करता येत नाही असं थोडंच आहे? विसर्जनाला आपण आकाशाला भिडणाऱ्या कमानी उभारतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात आणि उरुसाला दर्ग्यात मोठमोठे गवई येऊन हजेरी लावतात, आणि त्यांच्यासमोर आपण मिरजकर मांडी घालून बसतो. ऐकणं हा आपल्या गावाचा धर्मच आहे. मग वारसा म्हटलं की लगेच शाल, श्रीफळ, फ्लेक्स आणि फ्लेक्सवर बारा चेहरे, हे कुठून आलं?

पुढच्या वर्षी व्यासपीठ नको. मधोमध एक सतरंजी, त्यावर एक कारागीर, त्याची कानस, त्याची घोडी, आणि भोवती शाळेतली पोरं. भाषण शून्य. त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या, सत्काराचं पाकीट नको. आणि गावातल्या प्रत्येक शाळेनं एक तंबोरा गल्लीतून विकत घ्यावा. एकच! मी माझे पैसे पहिल्या तंबोऱ्याला घालते. कोण कोण येतंय सांगा.

आभारप्रदर्शन झालं, लोक अल्पोपाहाराकडे वळले. मी पर्स शोधत रेंगाळले होते. बघते तर तो पुतण्या व्यासपीठावर चढलेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं हार काढून बाजूला ठेवला, घोडी जागेवर आणली, खुंट्या पिळायला लागला. तीन तारांच्या तंबोऱ्याकडे नुसतं बघितलं, हात नाही लावला. दुसरा मात्र मांडीवर घेतला. खिशातनं दोरा काढून दातानं तोडला. मांडववाल्यांची पोरं खुर्च्या एकात एक घालत होती, नुसती आदळआपट. त्यातला एक, तेरा-चौदा वर्षांचा असेल, खुर्ची हातात घेऊनच थांबला.

"मामा, ह्ये खरंच वाजतंय व्हय?"

"लाव की कान."

त्यानं खुर्ची खाली ठेवली आणि वाकून कान लावला. मागून दुसरा पोरगा त्याला हाका मारत होता. तो जागचा हलला नाही.