पावतीवरची दुनळी

घरात परवान्याची बंदूक आहे म्हटलं की ऐकणारा एक तर आपली जुनी उसनवारी आठवून सावध होतो, नाहीतर "बघू की एकदा!" म्हणत खुर्ची पुढे ओढतो. "अरेरे" फक्त एकच माणूस म्हणतो. ज्याच्याकडे स्वतःचा परवाना असतो तो.

आमच्याकडे आजोबांच्या वेळची बर्मिंगहॅमची दुनळी आहे, बारा बोअरची. बारा बोअर म्हणजे काय, हे मी गावात अनेकांना समजावलं आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या पाडल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी नळी. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा लहान. इथपर्यंत लोक मान डोलावतात आणि मग म्हणतात, "म्हणजे सोळावाली जास्त जोरात मारणार."

बागायतीत बंदूक हवी असं पूर्वी सगळ्यांनाच वाटे. आता वनखात्याच्या परवानगीशिवाय रानातल्या जनावरावर ती चालवायची सोय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ठेवलेली नाही आणि आम्हाला तशी हौसही नाही. कलमांवर वानरं उतरली की माझे वडील, म्हणजे आण्णा, हवेत एक बार काढत. वानरं शेजारच्या फणसावर जाऊन बसत, धूर विरेपर्यंत कळ काढत आणि मग परत कलमांवर. काडतुसाचा भाव पाहता बाजारातून आंबे आणून त्यांना खायला घातले असते तरी स्वस्त पडलं असतं. शेवटी शेवटी तर बार झाला की वानरं नुसतीच वर बघत.

आण्णांनी सत्तरी गाठली आणि बंदूक माझ्या नावावर करायचा विषय निघाला. २०१६ च्या शस्त्र नियमांत ही सोय आहे. परवानाधारकानं वयाची सत्तर वर्षं पूर्ण केली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की वारसाला परवाना मागता येतो. मला वाटलं, सातबाऱ्यावर नाव चढतं तसंच हे. सातबाऱ्यावर नाव चढवायला किती वर्षं लागतात हे त्या क्षणी डोळ्यांपुढे आलं नाही.

कचेरीतल्या भाऊसाहेबांनी सांगितलं, "अर्ज ऑनलाइन करा." केला. "आता त्याची प्रिंट काढून आणा." आणली. "सोबत सगळी कागदपत्रं जोडा." ती तर ऑनलाइन जोडलेली होती. "ती तिथं. इथं कुठायत?" या प्रश्नाला उत्तर नाही.

कागदांत एक वैद्यकीय दाखला लागतो. अर्जदार शरीरानं धड आहे, मनानं ठिकाणावर आहे आणि व्यसनाच्या आहारी गेलेला नाही, असं डॉक्टरनं लिहून द्यायचं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, "बंदूक कशाला हवी?" मी म्हटलं, "वडिलोपार्जित आहे. वानरांसाठी." "मारता?" "नाही हो, हवेत उडवतो." "मग वानरं जातात?" "नाही." डॉक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मनाच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार करत असावेत.

शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं, आणि हे मात्र मी मनापासून सांगतो, ती या सगळ्यातली सर्वांत शहाणी गोष्ट होती. निवृत्त सुभेदार शिकवायला होते. बंदूक हातात आली की आधी उघडून नळीतून आरपार बघायचं, मग बोलायचं. घोड्यावर बोट शेवटी. नळीचं तोंड कधीही माणसाकडे नाही, रिकामी असली तरी नाही, आणि "रिकामी आहे हो" म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नाही. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्यांचा विषय निघाला तेव्हा सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं त्या हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलं आहे. "कमी आहे," सुभेदार म्हणाले.

मग पोलीस चौकशी. हवालदारांनी माझी वर्तणूक शेजारी विचारली. शेजारच्या काकींनी "सोन्यासारखा मुलगा हो" इथून सुरुवात केली आणि माझ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यातली कैऱ्यांची चोरी, फुटलेली कौलं आणि मोडलेलं एक लग्न एवढं सगळं प्रेमानं सांगून टाकलं. हवालदारांनी वहीत "तक्रार नाही" असं लिहिलं आणि जाताना मला म्हणाले, "लग्नाचं वाईट झालं."

इतकं होऊन घोडं अडलं ते एका आकड्यावर. जुन्या परवान्यावर बंदुकीच्या क्रमांकाच्या शेवटी तीन होता. संगणकात चढवताना त्याचा आठ झालेला. आणि प्रत्यक्ष बंदुकीवर, घोड्याखालच्या पोलादी कंसाच्या शेपटावर, जिथं क्रमांक कोरलेला आहे तिथं, आजोबांनी आणि पुढे आण्णांनी दर रविवारी खोबरेल तेलाचं फडकं असं काही फिरवलं होतं की शेवटी तीन आहे, आठ आहे की नुसतीच हौस आहे, हे देव जाणे. भाऊसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. "तीन असेल तर संगणकातली बंदूक तुमची नाही. आठ असेल तर घरातली बंदूक तुमची नाही." आण्णा म्हणाले, "मग इतकी वर्षं मी तेल कोणाच्या बंदुकीला लावलं?"

पोलीस मुख्यालयात हत्यारांची देखभाल करणारे आर्मोरर असतात, त्यांच्याकडे बंदूक तपासायला पाठवली. मी कागदांची पिशवी घेऊन समोर उभा. त्यांनी वरची कळ अंगठ्यानं बाजूला सारून बंदूक दुमडून उघडली, नळ्या उजेडाकडे धरल्या, आत बघून "वा" म्हणाले. नळ्यांच्या तळाशी, सपाट पोलादावर, बर्मिंगहॅमच्या तपासणीघराचे ठसे असतात. हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत बारा आणि खाली सी, बाजूला मुकुट. ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवले. मग नळ्यांखालचा लाकडी तुकडा सोडवला आणि त्याच्या आतल्या लोखंडावर भिंग धरलं. जुनी विलायती बंदूक तीन भागांत सुटते आणि तिन्ही भागांवर तोच क्रमांक असतो, कारण एका बंदुकीचा सांधा दुसरीला बसत नाही. आतल्या लोखंडापर्यंत आमच्या घराण्याचं फडकं कधी पोचलंच नव्हतं. आकडा लख्ख होता. आठ.

म्हणजे संगणक बरोबर आणि कागद चूक! भाऊसाहेबांच्या नोकरीत असं प्रथमच घडलं असावं. त्यांनी तो अहवाल दोनदा वाचला आणि मला चहा पाजला.

जाता जाता आर्मोररनी आणखी एक गोष्ट सांगितली. जुन्या विलायती बंदुकांचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. त्यात ७० चं काडतूस आत जातं, बंदूकही बंद होते आणि काही बिघडलंय असं वाटत नाही. पण ७० चा आकडा हा उडून उघडलेल्या पुंगळीचा असतो. बार झाल्यावर तिचं तोंड उलगडायला पुढे जागा नसते, दाब भलताच वाढतो. तेव्हापासून मी दुकानात जाऊन "६५ ची" मागतो आणि दुकानदार "७० ची घ्या की, पाचनं जास्तच आहे" म्हणतो. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनणारी 'शक्तिमान' काडतुसं दोन्ही मापांत येतात. दुकानात मात्र आपल्याला नको असलेलं माप नेहमी शिल्लक असतं.

माझं हे असं, तर खऱ्या शौकिनाचं काय होत असेल? आमचे एक कोल्हापूरकडचे स्नेही आहेत, त्यांना सगळे 'सरकार' म्हणतात. त्यांच्याकडे तीन हत्यारं होती. एक विलायती दुनळी, एक .२२ ची रायफल आणि एक .३२ चं रिव्हॉल्व्हर. तीन ही कायद्याची कमाल मर्यादा होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती दोनवर आली आणि जास्तीचं हत्यार वर्षभरात जमा करा किंवा विका असं ठरलं. सरकारांनी घरच्यांची सभा घेतली. वहिनींनी "तिन्ही द्या" असं एकमतानं सुचवलं.

दुनळी द्यायची नव्हती. परदेशी बंदुकांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकात बंद झाली, तेव्हापासून देशात जेवढी विलायती हत्यारं आहेत तेवढ्यांतच फिरवाफिरव चालते. एकाकडून सुटलं तर दुसऱ्याला मिळणार. त्यामुळे इंग्लंडमध्ये जी बंदूक माळ्यावर पडून असेल तिच्यासाठी इथं लोक जमीन विकायची भाषा करतात. रायफल द्यायची नव्हती, कारण सरकारांना अजून नेमबाज व्हायचं होतं. नेमबाजांना मर्यादेत सवलत आहे, हे त्यांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शोधून काढलं. राहिलं रिव्हॉल्व्हर.

ते घेताना त्यांनी काय घोळ घातला होता! कानपूरच्या सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' २०१४ साली आलं तेव्हा सरकार त्याच्यामागे लागले. वजन अर्धा किलो, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास आणि वर दागिन्यांच्या पेटीत घालून मिळणार. ते खास महिलांसाठी काढलंय असं कळल्यावर त्यांनी वहिनींच्या नावानं परवाना मागायचं ठरवलं. वहिनी म्हणाल्या, "पेटी तेवढी आणा." शेवटी त्यांनी साधं, जड .३२ घेतलं.

आता तेच विकायचं. परवानाधारकानं परवानाधारकाला विकायचं तर आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि मग किमान ४५ दिवस थांबायचं. गिऱ्हाईक मिळालं. पण त्याच्या परवान्यावरची खरेदीची मुदत संपत आली होती. तो मुदतवाढीच्या मागे, सरकार पंचेचाळिसाच्या मागे. एकाचं जमलं की दुसऱ्याचं उलटून जाई. त्यात सगळ्यांनाच तिसरं हत्यार काढायचं असल्यानं बाजारात भावाचं नाव नाही. मग हत्यारांच्या दुकानदाराला विचारलं. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून सरकार म्हणाले, "एवढ्यात तर मी त्याचं कव्हर शिवलं होतं!" शेवटी त्याच भावाला दिलं. पैसे मोजून घेताना त्यांनी दुकानदाराला विचारलं, "जुनं काही विलायती आलंय का हो?"

२०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या आठवड्यात आमच्या गावातही मला नाक्यावर अडवून लोक विचारत, "तुझी असून उपयोग काय? जायचंस की!" छऱ्यांची दुनळी आणि .२२ ची रायफल यांतला फरक सांगायला मी तोंड उघडलं, पण मला सोळा बोअरचा अनुभव होता. "पुढच्या वेळी बघू," म्हणालो.

तरीही हे सगळं एका बाजूला आणि निवडणूक दुसऱ्या बाजूला. आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवते कोणाची हत्यारं जमा करायची, आणि आमच्या दुनळीवर समितीचा लोभ जुना आहे. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. ठाण्यात जायचं, पावती घ्यायची, निकाल लागले की पावती द्यायची, बंदूक आणायची. दर वेळी पावतीवर तिचं वर्णन निराळं. एकदा "दोन नळी जुनी", एकदा "डबल बार", एकदा नुसतंच "बंदूक, पट्ट्यासह". परत आली तेव्हा पट्टा वेगळाच होता. आधीच्यापेक्षा बरा होता म्हणून आम्ही बोललो नाही. २०२२ पासून आरक्षणाच्या खटल्यात जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडल्या तेव्हा वर्तमानपत्रं लोकशाहीची चिंता करत होती. आमच्या घरात मात्र बंदूक इतके महिने सलग कधीच राहिली नव्हती. आण्णा तिला रोज तेल लावत. आकडा सोडून.

पण विधानसभेनं आमच्या दसऱ्याशी जे वैर धरलं आहे त्याला तोड नाही. २००९ चं मतदान १३ ऑक्टोबरला, २०१४ चं १५ ला, २०१९ चं २१ ला. तिन्ही वेळा दसरा नेमका आचारसंहितेत सापडला. शस्त्रपूजनाच्या पाटावर आमच्याकडे कोयता, कुऱ्हाड, आडकित्ता आणि मधोमध पोलीस ठाण्याची पावती. आण्णा तिला हळदकुंकू वाहत. २०१९ ला कुंकू नेमकं शिक्क्यावर पडलं आणि बंदूक सोडवताना हवालदारांनी शिक्का ओळखायला नकार दिला. तेव्हापासून आण्णा पावतीला प्लॅस्टिकची पिशवी घालतात.

२०२४ ला दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि निवडणूक अजून जाहीर व्हायची होती. कितीतरी वर्षांनी विधानसभेच्या साली दुनळी स्वतः पाटावर आली. तिला झेंडूची माळ, दोन्ही नळ्यांवर गंध, समोर नारळ. आण्णांचे डोळे भरून आले. बायकोनं फोटो काढला आणि कुठंही टाकायचा नाही अशी तंबी मिळाल्यावर तो फक्त सरकारांना पाठवला. त्यांनी उलट कळवलं, "विकणार का?"

तिसऱ्या दिवशी, १५ तारखेला, निवडणूक जाहीर झाली आणि पुढे ठाण्यातून फोन आला. "साहेब, नेहमीचं काम."

मी पट्टा लावून बंदूक पिशवीत घातली. आण्णा झोपाळ्यावर पंचांग उघडून बसले होते.

"२०२९ चा दसरा १६ ऑक्टोबरला आहे," ते म्हणाले. "या वेळेला पावती मोठ्या कागदावर दे म्हणावं."