गॅस गिझर पेटत नाही म्हणून खिडकी बंद करू नका

नाशकात पारा दहाच्या खाली उतरला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'गॅस गिझर पेटत नाही? मेकॅनिकला पैसे देऊ नका. सेल बदला, जास्त प्रेशरचा रेग्युलेटर लावा, पाण्याची जाळी काढून टाका आणि वाऱ्याने ज्योत विझते म्हणून खिडकी बंद ठेवा.' सेलचा सल्ला तेवढा बरोबर आहे. बाकीचे तिन्ही चुकीचे, आणि शेवटचा तर जिवावर बेतणारा.

आधी रेग्युलेटर. गिझरमध्ये गॅसची वाट मोकळी करतं ते पाणी. नळ सोडला की पाण्याचा जोर आतल्या रबरी पडद्याला ढकलतो, पडदा पिन सरकवतो, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते. पाण्यालाच जोर नसेल तर गॅस वाढवून काय होणार? बहुतेक घरगुती गिझरना साधारण ०.२ ते ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी गिझरच्या दोन-तीन मीटर तरी वर हवं. आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरचा गिझर लगेच पेटतो. चौथ्या मजल्यावर टाकी जेमतेम डोक्यावर, तेवढी उंची मिळत नाही, म्हणून रडतो. घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलीबारने गॅस देतो आणि गिझर त्याच हिशोबाने बनवलेला असतो. भट्टीचा रेग्युलेटर जोडला तर ज्योत बाहेर झेपावते, नळीचे सांधे गळू शकतात.

मेकॅनिकला बोलावण्याआधी कान द्या. नळ सोडल्यावर टिकटिक ऐकू येत नसेल तर सेल संपलेत किंवा पाणी कमी पडतंय. टिकटिक होते पण ज्योत नाही, तर सिलिंडर आणि गॅसचा कॉक बघा. पाण्याचा अंदाज बादलीने घ्या: पंधरा लिटरची बादली भरायला पाच-सहा मिनिटांहून जास्त लागत असतील तर दुखणं पाण्याचंच.

गिझरमध्ये पाणी शिरतं तिथली जाळी साफ करायची असते, फेकायची नसते. चौथ्या मजल्यावरच्या काकूंची जाळी मी उघडली तेव्हा आत टाकीतली वाळू आणि बोअरच्या क्षाराची पांढरी पुटं. जुन्या टूथब्रशने घासून परत बसवली, गिझर पेटला. जाळीच नसती तर ती वाळू व्हॉल्व्हमध्ये गेली असती. पिन अडकली तर नळ बंद केल्यावरही बर्नर जळत राहू शकतो.

आता खिडकी. काकूंनी बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांमध्ये वर्तमानपत्र कोंबलं होतं. मी ते ओढून काढलं तेव्हा त्यांना राग आला, पण काढलंच. एलपीजी जळायला स्वतःच्या पंचवीस-तीस पट हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा प्राणवायूच्या दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं आणि माणसाला आतली कडी काढणंही जमत नाही. ज्योत वाऱ्याने विझत असेल तर गिझर ड्राय बाल्कनीत हलवा, पाइपने पाणी आत आणा. तोवर पाणी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा, मग अंघोळीला बसा. कडी लावू नका. आत कोणी हाकेला ओ देत नसेल तर आधी त्याला मोकळ्या हवेत ओढा, गिझर नंतर बघा, आणि १०८ ला फोन लावा.