कार्डावरचा मोठा आकडा कॅमेऱ्यासाठी नसतो

कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड घेणाऱ्यांना हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो: 'एमबी प्रतिसेकंदाचा आकडा जितका मोठा, तितका कॅमेरा जलद; बाकीच्या चिन्हांच्या भानगडीत पडू नका, ए-2 असेल तर उत्तमच, आणि जमेल तेवढ्या मोठ्या क्षमतेचे एकच कार्ड घ्या.' यातले पहिले विधान सर्वांत महागात पडते.

ठळक छापलेला 200 हा आकडा बहुधा वाचनाचा कमाल वेग असतो, म्हणजे फोटो संगणकात उतरवून घेतानाचा. कॅमेरा मात्र कार्डावर लिहितो, आणि लिहिण्याचा वेग पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. शिवाय यूएचएस-1 या प्रकाराच्या (यूएचएस म्हणजे कार्ड आणि कॅमेरा यांच्यातल्या जलद जोडणीची पद्धत) कार्डाची प्रमाणित मर्यादाच सेकंदाला 104 एमबी आहे. त्यापुढचे आकडे उत्पादक स्वतःच्या खास पद्धतीने गाठतात आणि त्यासाठी त्याच पद्धतीचा कार्ड रीडर लागतो. कार्ड उलटे करून पाहावे. सोनेरी पट्ट्यांची दुसरी रांग दिसली तर ते बहुधा यूएचएस-2, मर्यादा सेकंदाला 312 एमबी. पण कॅमेऱ्याच्या खाचेत ती सोय नसेल, तर हे महागडे कार्डही यूएचएस-1 च्याच चालीने चालते.

ज्यांना 'भानगड' म्हटले, ती चिन्हेच खरी हमी देतात. इंग्रजी यू अक्षराच्या पोटातला 3 किंवा व्ही-30 म्हणजे सलग लिहिताना वेग सेकंदाला 30 एमबीच्या खाली जाणार नाही. सेकंदाला 100 मेगाबिटच्या 4के चित्रीकरणाला, 8 बिटचा एक बाइट म्हणून 8 ने भागून, सेकंदाला 12.5 एमबीच लागतात, म्हणजे व्ही-30 पुरून उरते. पक्ष्यांच्या उड्डाणाचे मात्र वेगळे. 25 एमबीची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) सेकंदाला 10 वेळा टिपली, तर सेकंदाला 250 एमबी झाले. भिगवणला रोहित पक्ष्यांचा थवा उठतो तेव्हा माझ्या कॅमेऱ्याचे बफर (कार्डावर लिहिले जाईपर्यंत फोटो साठवणारी तात्पुरती जागा) तीन-चार सेकंदांत भरते आणि लिहिणे चालू असल्याचा लाल दिवा विझेपर्यंत मी नुसता बघत बसतो. येथे लेखनाचा वेग जास्त असलेल्या कार्डावर केलेला खर्च सार्थ आहे.

ए-2 हे चिन्ह मोबाइलमधील अ‍ॅपच्या सुट्या, विखुरलेल्या वाचन-लेखनासाठी आहे. कॅमेऱ्याला त्याचा उपयोग नाही.

एकाच मोठ्या कार्डाबद्दल मी अर्धाच असहमत आहे, कारण सारखी कार्डे बदलतानाही ती हरवतात. तरीही लग्नासारख्या पुन्हा न होणाऱ्या प्रसंगी 128 जीबीच्या एका कार्डापेक्षा 64 जीबीची दोन बरी. आणि मोठी क्षमता अविश्वसनीय स्वस्तात मिळत असेल, तर ते बनावट कार्ड असू शकते: ते क्षमता खोटी सांगते आणि खरी जागा संपली की पुढचे फोटो बिनबोभाट गमावते. एच2टेस्टडब्ल्यू किंवा एफ3 या मोफत प्रोग्रामने कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहता येते. सेकंदाला 30 एमबीच्या वेगाने 64 जीबी लिहायला साधारण 36 मिनिटे लागतात. दुकानदाराची परत घेण्याची मुदत संपण्याआधी तेवढा वेळ काढावा.