फंड आहे, पण ठरवलेला पैसा कुठंय?

तुमच्या लेखात मुस्लिम देशांनी मिळून काढलेल्या इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेच्या गरिबी हटवायच्या फंडाचं कौतुक केलंय, काम चांगलंच आहे पण मुख्य गोष्ट राहूनच गेली. २००७ मध्ये हा फंड काढला तेव्हा टार्गेट होतं १० अब्ज डॉलर, तेही वक्फ म्हणून, म्हणजे मूळ रकमेला हात लावायचा नाही, तिच्या उत्पन्नातून गरीब देशांत शाळा, दवाखाने, छोटी कर्जं. सौदीने १ अब्ज कबूल केले, पण सगळ्यांचे मिळून टार्गेटच्या निम्मेसुद्धा झाले नाहीत! ५७ देशांची बँक, त्यात तेलवाले आखाती देश, आणि तिकडे नायजर, सोमालिया, येमेनमध्ये लोकांचे हाल चाललेत, संताप येतो खरंच.

पैसा नीट पोचला की काय होतं ते बांगलादेशात बघा ना. २००७ च्या सिद्र चक्रीवादळानंतर एकाने नाव न सांगता १३ कोटी डॉलर दिले (सौदीचे राजे अब्दुल्ला, हे नंतर कळलं), बँकेने त्यातून किनाऱ्यावर उंच खांबांवर शाळा बांधल्या, एरवी पोरांचे वर्ग भरतात आणि वादळाचा इशारा आला की अख्खं गाव तिथं चढतं, गुरांनासुद्धा जागा ठेवलीय. शिवाय शेतकरी, मच्छीमारांना बिनव्याजी कर्ज, एकाने फेडलं की तोच पैसा पुढच्याला. पाकिस्तानात लाहोरची अखुवत संस्था २००१ पासून अशीच बिनव्याजी कर्जं देतेय, तीही मशिदीत बसून, म्हणजे ऑफिसचा खर्च वाचतो. मॉडेल तयार आहे हो, आखाती देशांनी टार्गेट गाठायला आणखी पैसे भरावेत आणि कोणी किती भरले ते बँकेने दरवर्षी देशवार ठळक छापावं.