फाईलमध्ये पाळीची तारीख असते, पुढची तारीख कोणी मोजत नाही

मोठ्या ऑपरेशनसाठी दाखल होणाऱ्या बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. ती फाईलवर लिहिलीही जाते. पण ती विचारायचं कारण एवढंच, की बाई गरोदर नाही ना याची खात्री करायची असते. ते पाहून झालं की त्या तारखेकडे पुन्हा कोणी बघत नाही. तिच्यात साधारण २८ दिवस मिळवले की कळतं, पुढची पाळी आयसीयूमध्ये येणार आहे का. एवढी साधी बेरीज कोणीतरी करावी, तिचा उपयोग व्हावा, म्हणून ही पोस्ट लिहितेय. लांब आहे, पण ज्यांच्या घरात एखादं ऑपरेशन ठरलंय त्यांनी पूर्ण वाचा.

माझा हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली एक झडप, बदलला आहे. लहानपणी घसा सुजून ताप यायचा, मग सांधे धरायचे, आणि त्यातच व्हॉल्व्ह खराब झाला. डॉक्टर याला रुमॅटिक हार्ट डिसीज म्हणतात. आपल्या देशात हा आजार अजून आहे आणि तरुण बायकांमध्ये बराच दिसतो. म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑपरेशनला येणाऱ्या कितीतरी जणी पाळी येण्याच्या वयातल्याच असतात. तरीही हार्टच्या वॉर्डात पाळीची सोय का नाही असं विचारलं, तर उत्तर मिळतं, 'इथे जास्त करून वयस्कर पेशंट असतात.'

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मला सगळं विचारलं गेलं. नेलपॉलिश काढली का, बांगड्या, जोडवी, कानातलं काढलं का, दात खोटे आहेत का, एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे का. सकाळी अंघोळ करून गाऊन घालायचा आणि आत काहीही घालायचं नाही. पाळी जवळ आली आहे का, हे कोणीच विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं तेव्हा 'त्याने ऑपरेशनला काही फरक पडत नाही' असं उत्तर मिळालं. ते खरंही होतं. बहुतेक ऑपरेशनं पाळीमुळे पुढे ढकलावी लागत नाहीत. पण मी ऑपरेशनबद्दल विचारतच नव्हते. मला त्यानंतरच्या दिवसांची काळजी होती.

त्या दिवसांत बाईची अवस्था काय असते, ते न पाहिलेल्यांसाठी सांगते. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं असतं. छातीत साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या, मानेत एक सलाईनची लाईन, हातात दुसरी, खाली लघवीची नळी. हातांवर जोर द्यायचा नाही, पुढचे सहा ते आठ आठवडे. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायची. स्वतःच्या कमरेपर्यंत हात नेणंही जमत नाही. अशा वेळी पाळी आली तर तिचं सगळं दुसऱ्या कोणीतरी करावं लागतं, आणि आपलं माणूस आत येऊ शकत नाही, कारण भेटायची वेळ संपलेली असते.

मला पाळी आली तेव्हा ड्यूटीवर ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते. चांगला मुलगा, मन लावून काम करणारा. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. चादरीवर रक्त दिसल्यावर आधी धावपळ झाली, कारण मला रक्त पातळ करण्याचं औषध सुरू होतं आणि रक्त नेमकं कुठून येतंय ते कळत नव्हतं. पाळी आहे हे समजल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि आपापल्या कामाला लागले. आयसीयूमध्ये पॅड नव्हता. बाहेर बसलेल्या आईला निरोप गेला, तिने खालच्या मेडिकलमधून आणला. तोपर्यंत मी तशीच पडून होते. पॅड आला तो विंगवाला, आणि माझ्या अंगावर तर निकरच नव्हती.

मार्ग काढला तो मावशींनी. कोमट पाण्याने पुसून घेतलं, खाली अंडरपॅड घातला, वर मोठ्यांचा डायपर आणि त्यात पॅड ठेवला. मी डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, "लाजतीस कशाला पोरी? मलाबी दोन लेकी हाईत. दर चार-पाच तासाला मला हाक मार." नर्सिंगच्या कुठल्याही पुस्तकात असावं असं काम त्यांनी केलं. ते त्यांच्या ड्यूटीच्या कागदावर मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे त्या सुट्टीवर असत्या तर ते झालंही नसतं.

कोणी म्हणेल, एवढं मोठं ऑपरेशन सुखरूप झालं, हे काय घेऊन बसलीस. माझं म्हणणं हेच आहे की ही केवळ लाज वाटण्याची किंवा गैरसोयीची बाब नाही. लघवीच्या नळीला लागून ओला पॅड तासन्‌तास राहिला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तो संसर्ग रक्तात गेला तर नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतो, आणि व्हॉल्व्हचा संसर्ग जिवावर बेततो. ज्या आयसीयूत ड्रेसिंगला हात लावण्याआधी सगळे हात धुतात, तिथे पॅड बदलण्याची वेळ कोणाच्याच तक्त्यावर नसावी हे मला मान्य नाही. मणक्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला तर दोन-तीन जणांनी मिळून एकसंध वळवावं लागतं. तिनं काय करायचं?

आता पैशांचं बघा. आरोग्य विम्याच्या पॉलिसीला शेवटी याद्या जोडलेल्या असतात. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या त्या याद्या मी घरी आल्यावर नीट वाचल्या. कंगवा, टूथपेस्ट, टूथब्रश, बेडपॅन हे खोलीच्या भाड्यातच धरायचं, असं एका यादीत आहे. सॅनिटरी पॅड मात्र दुसऱ्या यादीत, ज्यांचे पैसे पॉलिसीतून मिळत नाहीत अशा वस्तूंमध्ये, सौंदर्यसेवा, मिनरल वॉटर आणि टेलिफोनच्या खर्चाच्या सोबत. २०१८ साली पॅडवरचा जीएसटी रद्द झाला, कारण ही गरजेची वस्तू आहे हे सरकारने मान्य केलं. मग दवाखान्यात खाटेवर पडलेल्या बाईसाठी ती चैनीची कशी ठरते? ही वस्तू कापूस आणि गॉजसारखी वॉर्डच्या ट्रॉलीवर असली पाहिजे, आणि आयसीयूच्या तक्त्यावर ड्रेन, लघवी, ताप यांच्या खाली तिचीही एक ओळ हवी. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते सांगते.

ऑपरेशनची तारीख ठरवताना पाळीची तारीख सांगा आणि आयसीयूत सोय काय आहे, कोण करणार, हे स्पष्ट विचारा. 'बाई सिस्टर हवी' असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. ताणामुळे पाळी आधी किंवा उशिराही येते, म्हणून तारीख दूर असली तरी लांब पॅड, बांधायच्या किंवा पटकन काढता येणाऱ्या निकर आणि थोडे डायपर नाव लिहिलेल्या पिशवीत सोबतच्या माणसाकडे ठेवा. पाळीचा कप किंवा टॅम्पॉन (आत ठेवायचा कापसाचा बोळा) वापरत असाल तर भूल देण्याआधी काढा आणि सिस्टरना सांगा. टॅम्पॉन आठ तासांहून जास्त आत राहता कामा नये, आणि मोठ्या ऑपरेशननंतर तुम्ही त्याहून जास्त वेळही शुद्धीवर नसू शकता.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मनाने घेऊ नका. गौरी-गणपतीला, सत्यनारायणाला घेतो तीच नॉरएथिस्टेरॉनची गोळी ऑपरेशनआधी घरच्या घरी सुरू करणाऱ्या बायका मला वॉर्डात भेटल्या. तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि त्याने गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. ऑपरेशननंतर पडून राहिल्यानेही तो वाढलेलाच असतो. घेतली असेल तर भूलतज्ज्ञांना सांगाच.

आणि माझ्यासारखा धातूचा व्हॉल्व्ह बसलेल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी खास. आपल्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची आहे. मायट्रलच्या जागी असा व्हॉल्व्ह असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा, साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. त्यामुळे पाळीत खूप जातं, हिमोग्लोबिन उतरतं, आणि कंटाळून बायका 'त्या चार दिवसांत' गोळी बंद करतात, घरी-दारी कोणाला न सांगता. तसं केल्याने व्हॉल्व्हवर गुठळी धरून तो अडकू शकतो. जास्त रक्त जात असेल तर आधी आयएनआर तपासा, मग हार्टच्या डॉक्टरांना सांगून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या कॉइलसारखे उपाय आहेत. कोणता आपल्याला चालेल ते दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. तपासणीला जाताना दिवसाला किती पॅड भिजतात ते लिहून न्या. डॉक्टर पुरुष असले तरी तो कागद त्यांच्यासमोर ठेवा.