परिपत्रक आलंय? दाबून ठेवा!

समलिंगी जोडप्यांना हळूहळू हक्क मिळू लागलेत, अशा बातम्या वाचून बँकेच्या काउंटरवरच्या, सोसायटीतल्या आणि हॉस्पिटलमधल्या मंडळींनी उगाच धास्ती घेऊ नये. दिल्लीत काहीही ठरू दे, शिक्का नाशकात बसतो आणि तो तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. परवा कॉलेज रोडवरच्या एका बँकेत मला आणि माझ्या जोडीदाराला जे शिकायला मिळालं, ते तुमच्या सोयीसाठी लिहून ठेवते.

दोन बायका जॉइंट खातं उघडायला आल्या की आधी "बहिणी का?" विचारा. नाही म्हणाल्या तर "मैत्रिणी?" तरीही नाही म्हणाल्या, तर लंच टाइम करा.

जेवून आल्यावरही त्या बसलेल्याच असतील. अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय की अशा जोडप्यांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला कसलीही आडकाठी नाही, असं मोबाइलवर दाखवू लागतील. त्या वेळी चष्मा काढून ठेवा. "आम्हाला वरून काही आलेलं नाही" म्हणा. मग मायेने समजवा, "मॅडम, उद्या लग्न झालं की मिस्टरांचं नाव टाकावं लागेल, कशाला दोनदा काम?" माझे अर्धे केस पांढरे, तिला चाळिशी लागून जमाना झाला. आमच्या आयांनीही सोडलेली आशा या माणसाने सोडलेली नाही! मी म्हटलं, आम्ही पार्टनर आहोत. तर म्हणे, "मग करंट अकाउंट उघडा ना." आणि हसला. शेजारच्या टेबलवरचाही हसला. अहो, नॉमिनेशनच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात 'असल्यास' असं छापलंय. दूधवाल्याला नेमलं तरी कायद्याची हरकत नाही, कधी नव्हतीच. नात्यात नसलेल्या दोघांना जॉइंट खात्याची बंदीही कधी नव्हती. म्हणजे सरकारने नवीन काही दिलंच नाही, होतं तेच लेखी सांगितलं, आणि तेवढंही यांच्या घशाखाली उतरत नाही. "भाऊ आहे ना तुम्हाला? भावाचं नाव टाका." का टाकू? गेल्या दिवाळीला फोनसुद्धा न करणाऱ्या भावाचं का टाकू?

असो. सल्ले राहिलेत.

घरमालकांनो, "फक्त फॅमिलीला" पुरेसं आहे.

रेशन दुकानदारांनो, दोघांना एकाच कुटुंबात धरा असं केंद्राने राज्यांना कळवलंय. तुमचं सर्व्हर डाउन आहेच.

हॉस्पिटलवाल्यांनो, शुद्धीवर असलेला सज्ञान पेशंट स्वतःची संमती स्वतः देऊ शकतो, हे विसरा. "घरचं कोणी आहे का?" हे रात्रभर बाकावर बसलेल्या तिच्याकडे बघतच विचारा.

नवऱ्याने बायकोला लाखाचा हार दिला तर कर नाही. हिने मला दिला तर ५०,००० च्या वर गेला म्हणून तो माझं उत्पन्न. त्याविरुद्ध एक जोडपं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेलंय. जाऊ द्या.

आणि कुणी फारच बोललं तर "होईल हळूहळू" म्हणा. २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुटलात ना? २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी लग्नाचा मूलभूत हक्क नाही म्हणून सांगितलं, पण तुमचे हक्क तपासायला कॅबिनेट सचिवांची समिती मिळाली की! जानेवारी २०२५ ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या, तरी समिती आहेच.

हळूहळू म्हणजे कधी हो? आम्ही मेल्यावर? नॉमिनी नेमला म्हणून तो वारस होत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मृत्युपत्र नसतं तर माझा अर्धा फ्लॅट त्याच भावाकडे गेला असता. म्हणून दोन साक्षीदार शोधून मृत्युपत्रं आमची आम्ही केली. लग्नाचा कायदा तुमच्या हातात नाही आणि तो तुमच्याकडे कुणी मागितलाही नव्हता. एक फॉर्म घ्यायचा होता. सिंहस्थाला येणाऱ्या लाखोंची सोय करायला निघालेल्या शहरात दोन बायकांच्या सह्या घेताना तुमची कुठली संस्कृती बुडाली? लाज वाटू द्या जरा. आणि "वरून आलेलं नाही" हे धादांत खोटं आहे. रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०२४ लाच सगळ्या शेड्यूल्ड कमर्शियल बँकांना कळवलंय. शोधा. सापडत नसेल तर तसं सही-शिक्क्यानिशी लेखी द्या, म्हणजे मला तो कागद रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पाठवता येईल.