‘टर्बो करूनही गाडी घाटात ओढत नाही’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची तक्रार अशी: आमच्याकडून टर्बो (इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) दुरुस्त करून घेतला, तरी खंबाटकी चढताना भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर आली आणि मागे काळा धूर. मग वाटेतल्या मेस्त्रीने वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) रॉड दोन आटे आवळला आणि गाडी पळायला लागली. म्हणजे सेटिंग आम्हीच चुकवलं आणि पैसे फुकट घेतले.

गाडी अजून त्याच सेटिंगवर चालत असेल, तर लोड भरण्याआधी एवढं वाचा.

टर्बो आमच्याकडे सुटा आला होता, गाडी आली नव्हती. बेंचवर अ‍ॅक्च्युएटरला (हवेच्या दाबाने तो रॉड ढकलणाऱ्या डब्याला) रेग्युलेटरमधून हवा दिली, रॉड किती सरकतो ते मोजायला डायल लावला. १.१ बार दाबाला रॉड १ मिलिमीटर सरकला. दाब मिनिटभर धरला, काटा पडला नाही. हवा सोडल्यावर रॉड पूर्ण मागे आला. आतला फ्लॅप (वेस्टगेटची झडप) सीटवर नीट बसतोय आणि लिव्हरच्या बुशला खेळ नाही, हेही पाहिलं. मगच नटवर सील म्हणून पिवळा रंग मारला. आमचं चुकलं ते असं, की या टेस्टची चिठ्ठी तुम्हाला दिली नाही. इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी) उतरवून साफ केल्याशिवाय टर्बो चढवू नका, हेही तुमच्या फिटरला नुसतं तोंडी सांगितलं, बिलावर लिहिलं नाही. तोंडी सांगितलेलं गॅरेजच्या गेटपर्यंतही टिकत नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं.

आता रॉडचं. वेस्टगेट बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) तयार करत नाही, बूस्टला लगाम घालतो. अ‍ॅक्च्युएटरच्या डब्यात डायफ्राम आणि स्प्रिंग असते. स्प्रिंग फ्लॅप बंद धरते. टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूच्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या, हाउसिंगवरून आलेल्या बारीक नळीतला दाब स्प्रिंगला भारी पडला की रॉड पुढे जातो, फ्लॅप उघडतो आणि थोडा धूर टर्बाइनच्या (धुराने फिरणाऱ्या) चाकाला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो. टर्बोचा वेग तिथे थांबतो. रॉड आवळून आखूड केला की फ्लॅप उशिरा उघडतो, एवढाच त्याचा उपयोग.

म्हणूनच तुमच्या मेस्त्रीच्या दोन आट्यांनी एक गोष्ट उलट सिद्ध होते. आवळल्यावर फरक पडला, म्हणजे आधी वेस्टगेट उघडत होता. पाइप फाटून मोठी गळती असती तर कॉम्प्रेसरपाशी दाबच चढला नसता, फ्लॅप बंदच राहिला असता आणि आवळून काही उपयोग झाला नसता. आमचा अंदाज असा, की टर्बोच्या तोंडाशी १.१ बार येतोय, पण मॅनिफोल्डपर्यंत (इंजिनात हवा वाटणाऱ्या पाइपापर्यंत) पूर्ण पोचत नाही. मध्ये काहीतरी तुंबलंय. दुरुस्तीआधी टर्बो ऑइल फेकत होता, ते सगळं इंटरकूलरच्या नळ्यांत जाऊन काजळीसकट बसलं असणार. दुसरा संशयित रबरी होज: बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतला थर सुटून हवेच्या जोराने वाट अडवतो. हात घालून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

रॉड आवळून तुम्ही त्या बोळ्यातून हवा जोराने ढकलताय. मॅनिफोल्डला हवा थोडी वाढली, धूर कमी झाला, पण टर्बो त्यासाठी ठरल्यापेक्षा जास्त वेगाने फिरतोय. ट्रकचा टर्बो मुळात मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो. वर ढकलला की आधी थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला मागेपुढे सरकू न देणारं) जातं, मग चाक हाउसिंगला घासतं, ऑइल पुन्हा इंटरकूलरमध्ये. अ‍ॅल्युमिनियमचं चाक फुटलं तर तुकडे पुढे जातात. रॉडचा आटा ६ एमएमचा असेल तर एक फेरा म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे दोन मिलिमीटर आवळलंय. दाब किती वाढला, ते मोजल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. त्या मेस्त्रीने मोजलं होतं का, एवढंच विचारा.

दोष कुणाचा हे भांडून ठरवायला नको, दोन गेज लावून ठरतं. आधी रॉड परत १.१ बारवर आणायचा. मग एक गेज कॉम्प्रेसरच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकून, दुसरं इनटेक मॅनिफोल्डवर. भरलेली गाडी चढावर, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, पूर्ण रेस. (उभ्या गाडीला रेस देऊन बूस्ट बघणारे बरेच भेटतील. लोड नसेल तर बूस्ट पुरता चढतच नाही.) दोन्ही गेज कमी दाखवत असतील आणि पाइप गळत नसतील, तर बहुधा फ्लॅप आधीच उघडतोय, चूक आमची धरू, टर्बो पुन्हा फुकट करून देऊ. कॉम्प्रेसरला १.१ आणि मॅनिफोल्डला ०.७-०.८ आलं, तर टर्बो ठीक आहे, इंटरकूलर उतरवा.

इंटरकूलर रॉकेल किंवा डिझेलने धुतलात तर तो उलटासुलटा करून पूर्ण निथळू द्या, हवेने सुकवा. आत राहिलेलं तेल इंजिनने ओढलं तर किल्ली बंद करूनही गाडी बंद होत नाही, रेस चढतच जाते. नंतर दोन्ही तोंडं बंद करून १.५ बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावून गळती बघा. बूच घट्ट बांधा, दाबाने उडालं तर तोंडावर येतं.

रंगाचं सील तुटलंय, त्यामुळे वॉरंटी नाही असं आम्ही म्हणू शकतो. यावेळी म्हणत नाही. तपासणीचे पैसे घेणार नाही. इंटरकूलरचं काम निघालं तर त्याची मजुरी मात्र लागेल. येताना गाडी भरलेली आणा आणि तोपर्यंत रॉडला कुणालाही पाना लावू देऊ नका. टर्बोतून सायरनसारखी शिट्टी यायला लागली, तर गाडी तिथेच उभी करून फोन करा.